सवतीचं माहेर

बऱ्हाणपूर, सिंधीपुरा
आषाढ शुद्ध ५, शके १८७०

तीर्थरूप माई,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमच्या नावाआधी सौ. लिहावं की गं. भा., ह्यावर माझा अर्धा दिवस गेला. तुम्ही लेकीला दिलेल्या हंड्यावर सौ. कोरलेलं आहे, पण हंडा जुना. शेवटी तीर्थरूपावर भागवलं. चुकलं असेल तर पोटात घाला.

मी निर्मला. तुमच्या जावयाची दुसरी बायको. चार वर्षांपूर्वी वैशाखात ह्या घरात आले तेव्हाच माझ्या गळ्यात मंगळसूत्राखाली तुमच्या विमलताईंचा चांदीचा टाक बांधला गेला. आपली रीत तुम्हाला मी काय सांगावी! मेलेल्या सवतीचा टाक दुसरीनं अंगावर वागवायचा, पितृपक्षात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, आणि तिच्या आईला आई म्हणायचं. टाक आणि नवमी मी नेमानं सांभाळते आहे. आई म्हणायचं तेवढं राहून गेलं, कारण तुमचा पत्ता ह्या घरात कुणी उच्चारत नाही. विचारलं तर हे दुकानात निघून जातात. ह्यांचं कापडाचं दुकान आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल. सासूबाई निघून जात नाहीत, त्या बोलतात. "तुले काय करायचं तिच्या माहेराचं? चुपचाप पडी ऱ्हाय."

तेव्हा मी पडून राहिले, आणि पडल्या पडल्या मला माडीच्या कोपऱ्यात एक काळा पडलेला तांब्याचा हंडा दिसला. चिंच लावून घासला, तर अक्षरं वर आली. 'चि. विमल हीस लग्नात, सौ. सोजरबाई सखाराम, जाफराबाद.' भांड्यावर नाव कोरून घेणाऱ्या माणसांचं भलं होवो.

आता मी माडीवर का पडून आहे, ते. मला तिसरा महिना सरत आला आहे. ह्याआधी दोनदा पोट रिकामं झालं. सासूबाईंचं म्हणणं, थोरली नेते, तिचं मन भरलेलं नाही. म्हणून ह्या खेपेला मी उंबरा ओलांडायचा नाही, तिन्हीसांजेला खिडकीत उभं राहायचं नाही, आणि सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की जिन्याच्या दाराला बाहेरून कडी. माझ्याच भल्यासाठी हं! गल्लीतले माग मला दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. ते थांबले की समजायचं, कुणीतरी घरी जेवायला गेलं. मला त्या विणकरांचासुद्धा हेवा वाटायला लागला आहे.

माई, जिच्या नावानं मला कोंडलंय ती कशी मेली, एवढंही मला कुणी धड सांगत नाही. हे म्हणतात तापानं. सासूबाईंच्या तोंडून कधी बॉम्ब पडतो, कधी नदी येते. ज्या दिवशी जसा राग असेल तसं. शेजारची आशाबाई एवढंच सांगते, की विमलताई शिकलेल्या होत्या, इंग्रजी वाचायच्या, आणि लढाईच्या दिवसांत एके सकाळी घरातून निघून त्या बायकांच्या पलटणीत टेलिफोनवर लागल्या. "खाकी लुगडं नेसून गेली वो, फौजेत. सारा मोहल्ला बघत राहिला." पुढचं तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला सरकारकडून काही कळलं असेल. त्या कुठे गेल्या, कोणत्या तिथीला गेल्या, जवळ कोण होतं, ते कळवा.

आणि दुसरं मागणं आहे, ते लाज सोडून लिहिते. सातव्या महिन्यात बाळंतपणाला मला तुमच्याकडे येऊ द्या. माझे वडील खकनारला होते, ते मागल्या साली वारले. आई तर मला आठवतही नाही. रीतीनं तुमचं घर हेच आता माझं माहेर आहे, आणि माहेरून बोलावणं आलं तर पहिलटकरणीसारख्या बाईला अडवायची सासूबाईंचीही छाती होणार नाही. चार महिने मला ह्या माडीतून बाहेर काढा. एवढं एकच मूल मला ह्या घराबाहेर जन्माला घालायचं आहे.

उत्तर आशाबाईच्या नावानं, तिच्याच पत्त्यावर पाठवा. पत्र तिनं पदरात लपवून टपालात टाकायचं कबूल केलंय.

तुमची,
निर्मला


बऱ्हाणपूर
श्रावण शुद्ध ३

तीर्थरूप माई,

तुमचं कार्ड आलं. आशाबाईनं ते केळीच्या पानात गुंडाळून वर आणलं आणि मी ते वाचून रडले, मग हसले, मग पुन्हा वाचलं. 'चि. मुलीस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ऐकून जीव थंड झाला. जिना उतरताना कठडा धरत जा. कसले डोहाळे लागले ते कळव. वसंता सातव्यात न्यायला येईल, तोवर जड हंडे उचलू नको.' वसंता म्हणजे तुमचा मुलगाच ना? अक्षर त्यांचंच असेल. मोत्यासारखं आहे.

मी तुम्हाला नको ते विचारलं होतं. कशा गेल्या, केव्हा गेल्या. त्यावर तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. मी समजले. पोटच्या लेकीचं मरण कार्डावर कोण लिहील? तुम्ही ते गिळलंत आणि सवतीच्या पोटाची चौकशी केलीत. आमच्यात रीतीभाती सगळ्या सुनांना जखडायलाच केल्यात असं मी म्हणत आले आहे. ही एक रीत मात्र कुणीतरी शहाण्या बाईनं घातली असावी.

डोहाळे विचारता, तर मला जीभ पोळेल असं तिखट हवंसं वाटतं. सासूबाई गोड देतात. गोड खाल्लं की मुलगा होतो म्हणे.

विमलताईंचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, पण ती खपली तुमच्याजवळ काढणार नाही. मी दुसरीकडून शोधते आहे. मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण आली आहे, कोकिळाबाई, अमरावतीकडची. पोरींना कवायत शिकवते. आशाबाई म्हणते ती लढाईत पलटणीत होती, आणि म्हणून मोहल्ल्यातल्या बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत. मी बोलावणार आहे. येत्या शुक्रवारी चणे आणि दूध. सासूबाईंना सांगितलं, की लष्करातल्या बाईच्या हातून थोरलीच्या नावानं ओटी भरली तर थोरली शांत होईल. लगेच कबूल झाल्या. त्यांच्या देवाची चावी मला सापडली आहे.

सातव्याची वाट बघते.

तुमची लेक,
निर्मला


बऱ्हाणपूर
श्रावण वद्य २

तीर्थरूप माई,

खपली काढणार नाही म्हणाले होते, पण आता न लिहून चालायचं नाही. बसून ऐका. वाचणारानं हळू वाचावं.

कोकिळाबाई आल्या. उंच, सावळ्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. बाकीच्या बायका भिंतीला सरकून बसल्या. ओटी भरायला त्या माझ्यापुढे वाकल्या आणि त्यांची नजर टाकावर गेली.

"हा कोणाचा?"

"थोरलीचा. विमलताईंचा. त्या तुमच्यासारख्याच पलटणीत होत्या."

त्यांच्या हातातलं खोबरं खाली पडलं. "कोणती विमल? जाफराबादची? टेलिफोनवरची?"

मी त्यांना माडीवर नेलं. सासूबाई खाली चणे वाटत होत्या. माई, कोकिळाबाई आणि तुमची विमल दोन वर्षं एकाच खोलीत राहत होत्या, कलकत्त्याच्या बाजूला एका छावणीत. विमलताईंनी नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. बऱ्हाणपूरला कापडाचं दुकान, एवढंच. कोकिळाबाई गावात आल्यापासून कापडाच्या प्रत्येक दुकानाकडे बघत होत्या, पण विचारणार काय आणि कुणाला?

विमलताई गेल्या त्या हिवतापानं. ताप डोक्यात चढला आणि तीन दिवसांत सगळं आटोपलं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, शके १८६७. त्याच आठवड्यात लढाई संपली. डॉक्टर होता, औषध होतं, कोकिळाबाई उशाशी होत्या. हाल झाले नाहीत असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "झाले थोडे. खोटं कशाला सांगू?" अग्नी द्यायला नात्यातलं कुणी नव्हतं. एका अधिकाऱ्यानं शिपायाला पुढे केलं. कोकिळाबाईंनी त्याच्या हातून पेटतं लाकूड घेतलं आणि स्वतः दिला. "बाई असून?" मी विचारलं. "मग काय त्या परक्यानं द्यायचा?" त्या म्हणाल्या.

आता ऐका. मला ह्या घरात आणलं ते शके १८६६च्या वैशाखात. विमलताई गेल्या त्याच्या पुढल्या वर्षीच्या श्रावणात. टाक माझ्या गळ्यात पडला तेव्हा त्या जिवंत होत्या, माई. कलकत्त्याजवळ टेलिफोन जोडत बसल्या होत्या. जित्या बाईचा टाक केला गेला. माझे वडील स्थळ बघायला आले, टाक देवघरात मांडलेला दिसला, आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. कोण विचारील? टाक आहे म्हणजे बाई नाही, हे आपल्यातलं शेंबडं पोरही जाणतं.

कोकिळाबाईंनी मला विचारलं, "मागं ती रजेवर इथं येऊन गेली. घरच्या नव्या बाईनं पाणी दिलं म्हणाली. तुम्हीच का?"

मीच. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं, चैत्राचं ऊन होतं. दारात खाकी लुगड्यातली बाई उभी राहिली आणि पाणी मागितलं. मी तांब्या दिला. सासूबाई देवळात होत्या. बाई पाणी पीत माझ्या गळ्याकडे बघत होती.

"काय गं ते?"

मी म्हटलं, "सवतीचा टाक. वारली ती."

"कशानं?"

"तापानं म्हणतात."

"तिचं सगळं करतेस ना नीट?"

मला वाटलं चौकस बाई आहे. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की नवमीला पुरणपोळी करून सवाष्ण जेवू घालते. ती हसली. म्हणाली, "तिला पुरण आवडत नसे बरं का. वांग्याचं भरीत कर, नि कळण्याची भाकरी." चातुर्मासात आणि पितृपक्षात वांगं! मला त्या बाईच्या अडाणीपणाची कीव आली. तिनं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ऊन तुडवत गेली. मी कुणाला सांगितलंही नाही. फौजेतली बाई दारात आली म्हटल्यावर सासूबाईंनी आधी मलाच फैलावर घेतलं असतं.

तिच्या तोंडावर तिला मेली म्हणून सांगणारी मी. मला ठाऊक नव्हतं, हे खरं आहे. तरी दोन रात्री मला झोप लागलेली नाही.

कोकिळाबाई म्हणाल्या, छावणीत परत आल्यावर विमलताईंनी पलटणीच्या दप्तरात 'घरचं माणूस' म्हणून दिलेलं नवऱ्याचं नाव काढून टाकायला लावलं. म्हणून कुठेच बातमी आली नाही. आणि आणखी एक. इथून निघून त्या रजेचे उरलेले दिवस माहेरी जाफराबादला जाऊन आल्या होत्या. कोकिळाबाईंनी खोदून विचारलं, तर एवढंच म्हणाल्या, "आई झोपली होती."

माई, ह्याचा अर्थ मला लागत नाही. तुम्हाला लागेल. मला रागवायचं असेल तर रागवा, पण कळवा.

तुमची,
निर्मला


बऱ्हाणपूर
भाद्रपद शुद्ध ६

तीर्थरूप माई,

तुमचं दुसरं कार्ड आलं.

तुम्ही लिहिता, मेथीचे लाडू करायला घेतले आहेत. पाळण्याला नवी दोरी लावली. बाळ पोटात फिरायला लागलं का. पहिलं बाळंतपण माहेरीच झालं पाहिजे.

मी तुम्हाला तुमच्या लेकीच्या मरणाची तिथी कळवली. तिला आग कुणी दिली ते कळवलं. आणि तुम्ही मला लाडू लिहिता? आधी वाटलं, दुःखानं भ्रमिष्ट झालात. मग वाटलं, टपाल चुकलं. पण 'तुझं लांबलचक पत्र ऐकलं' असं कार्डावर स्पष्ट लिहिलं आहे. मग ऐकलंत आणि लाडू वळायला बसलात? माझ्या सासूबाईंनी जित्या सुनेचा टाक घडवला, पण टाक बघून त्यांना निदान घाम तरी फुटतो. ही माया आहे की आणखी काही, मला कळेनासं झालं आहे. आणि तरी सांगते, मी ते कार्ड फेकलं नाही. ते उशाखाली आहे. मला माझीच चीड येते.

ह्यांना मी विचारलं. जेवताना, ताटावरून उठता येत नाही अशा वेळी. "विमलताई आल्या होत्या, तुम्हाला ठाऊक होतं?" बराच वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "दुकानावर आली होती. मी गिऱ्हाइकाला कापड मापून देत होतो. मान वर केली नाही." एवढं बोलून आणखी आमटी मागितली. वाईट माणूस नाही हा, माई. आईपुढे आणि गिऱ्हाइकापुढे ह्यांची मान खालीच असते.

सासूबाईंना विचारायची गरजच पडली नाही. त्या स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. "मंग काय करू? सवतीवर पोर कोन देते? टाक केला म्हून तू भेटली. नाय तं माहा पोरगा तसाच ऱ्हायला असता." थोड्या वेळानं कढई आपटत म्हणाल्या, "अन् मेलीच ना शेवटी?"

त्या दिवसापासून कडी दुपारीच नाही, सकाळीही असते. कोकिळाबाईंना घरात यायची बंदी झाली आहे. आता मला खरोखर दुसरं दार नाही. तिकडे तुमच्या निजामाच्या मुलखात फौज जाणार म्हणतात. रझाकारांच्या भीतीनं पलीकडची माणसं इथवर येऊन पोचली आहेत, आणि टपाल जातं की नाही, पोस्टात कुणी छातीठोक सांगत नाही. हे पत्र पोचेल तेव्हा पोचेल. तुम्ही सगळी सुखरूप असा. आणि माई, मला सहावा लागला आहे. एकच ओळ लिहा, पण त्या ओळीत तुमच्या विमलचं नाव असू द्या. म्हणजे मला कळेल, तुम्ही मला ऐकलंत.

निर्मला


बऱ्हाणपूर
भाद्रपद वद्य १०

वसंतभाऊ,

हे पत्र माईंना नाही, तुम्हाला आहे. काल ओसरीवर बसून तुम्ही जे बोललात, तेच आधी लिहून काढते, म्हणजे पुढे 'मी असं म्हणालोच नव्हतो' असं म्हणायला तुम्हाला जागा उरायची नाही. आमच्या घरात तशी सवय आहे.

काल नवमी होती. आशाबाई सवाष्ण म्हणून पाटावर बसली होती. तेवढ्यात तुम्ही दारात आलात. जाफराबादेहून चिखलीपर्यंत बैलगाडी, पुढे मोटार, मलकापूरला रेल्वे. अंगावर तीन दिवसांची धूळ आणि हातात माईंनी दिलेलं लुगडं. नवमीला थोरलीच्या माहेरचा माणूस आला, म्हणून सासूबाईंनी स्वतः पाय धुवायला पाणी दिलं आणि जिन्याची कडी काढून मला खाली बोलावलं. तुम्हाला बघून मला काय वाटलं ते सांगते, कारण तुमच्याशी आता मला काही लपवायचं नाही. मला वाटलं, माझा भाऊ आला.

तुमची नजर वर उठत नव्हती. तुम्ही म्हणालात, "ताई, आईला काही ठाऊक नाही."

काहीच नाही. विमलताई घर सोडून फौजेत गेल्या हे नाही, त्या वारल्या हे नाही, मी आहे हेही नाही. माईंना पाच वर्षांपासून मोतीबिंदूनं दिसत नाही. विमल सासरी सुखात आहे, सासूबाई कडक म्हणून पाठवत नाहीत, मग रझाकारांमुळे रस्ता बंद, असं तुम्ही सांगत आलात. अधूनमधून कोऱ्या कागदावरून तिची पत्रंही वाचून दाखवत होतात. माझं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा तुमच्या हातात खरा कागद होता. त्यातलं पोट तुम्ही वाचलंत आणि मरण गाळलंत. "आईला इतकी खुशी झालेली मी कधी बघितली नव्हती, ताई. मला पुढचं वाचवेना."

मी विचारलं, त्या चैत्रात विमलताई तिकडे आल्या तेव्हा दार कुणी उघडलं?

"मी." तुम्ही म्हणालात. "आई आत झोपली होती. माझं लग्न ठरत होतं. मुलीकडचे गावातच उतरले होते. मी तिला म्हटलं, आत्ता नको, दिवाळीला ये. ती बरं म्हणाली. मी काय तिला कायमचं घालवलं नव्हतं हो." आणि तुम्ही ओसरीवर, माझ्या सासूच्या देखत, तोंडात पंचा कोंबून रडलात. मला तुमची दया आली. अजूनही येते आहे. ती तुम्हाला ह्या पत्रात फारशी दिसणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

रडणं आवरल्यावर तुम्ही ज्या कामाला आला होतात ते काढलंत. मी चलावं, पण विमल म्हणून. "आईला दिसत नाही. आवाजही पाच वर्षांत बदलतोच की. आई म्हणून हाक मारायची, बस. तुम्हाला माहेर पायजे, तिला लेक पायजे. कोणाचं काय जातं?"

कुणाचंच काही जात नव्हतं, हेच तर वाईट. हे म्हणाले, "बरं होईल." सासूबाईंना तर हसू फुटलं. थोरलीची आईच थोरली म्हणून पोटाशी धरणार, म्हणजे थोरली शांत होणारच! "जाय ना मंग. नाव काय, कोनतंबी घे." आशाबाई तेवढी घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तुमच्या पुढल्या खेपेला तयार असेन एवढंच मी म्हणाले, आणि तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून निघालात.

तुम्ही गेल्यावर मी उशाखालची दोन्ही कार्डं काढली. जिना उतरताना कठडा धर. डोहाळे कळव. पहिलं बाळंतपण. मी तिसऱ्यांदा गरोदर आहे हे पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, त्याबद्दल कार्डांत अक्षर नव्हतं, तरी मला खटकलं नाही. आपल्यात सवतीला लेक मानतात, म्हणून मी ते सगळं माझं समजून बसले. ती माया एका क्षणापुरतीही माझ्यासाठी नव्हती. वसंतभाऊ, आई कशी असते ते मला ठाऊक नाही. दोन महिने मला वाटत होतं की आता कळलं. विमलताईंच्या जागेवर मी इथं चार वर्षं राहिले, त्याचं मला एवढं लागलं नव्हतं.

तुम्ही म्हणता तसं केलं तर काय होईल, ह्याचा मी रात्रभर विचार केला. चार महिने उजेड, अंगण, मेथीचे लाडू. माई माझ्या तोंडावरून हात फिरवतील आणि विमले म्हणतील. मी ओ देईन. मग बाळ होईल आणि त्या म्हणतील, विमले, तुझ्यासारखं नाक आहे. आणि एके दिवशी कोकिळाबाईसारखं कुणीतरी दारात येईल, किंवा येणारही नाही. मी तशीच तिथं विमल म्हणून बसून राहीन, आणि ती बिचारी एवढ्या लांब एका मैत्रिणीच्या हातून जळाली, हे तिच्या आईला मरेपर्यंत कळणार नाही. ही माडी निदान माझ्या नावानं कुलपात आहे. तुमच्या अंगणात मला तेवढंही नाव नसेल.

तर मी येते आहे. तुमच्या खेपेची वाट बघणार नाही. आशाबाईचा नवरा सुकलाल दसऱ्यानंतर मलकापूरला जाणार आहे, त्याच्याबरोबर आशाबाई आणि मी. कोकिळाबाई शाळेतून रजा घेऊन पुढे भेटतील. घरात सगळ्यांना वाटतं आहे, की मी तुमचं म्हणणं कबूल केलं. वाटू द्या. नाहीतर कडी निघायची नाही. ह्या पत्रातलं तुम्ही इकडे कुणाला कळवलंत तर मात्र मी इथंच बाळंत होईन, आणि काय होईल ते तुम्हाला आयुष्यभर ऐकावं लागेल.

मी अंगणात उभी राहून हाक मारीन. म्हणेन, माई, मी निर्मला, बऱ्हाणपूरची. तुमची विमल गेली. ही बाई तिच्या उशाशी होती, ती सगळं सांगेल. आणि मला ठेवून घेतलंत तर मी राहायला आले आहे.

त्या मला शिव्या देतील. आंधळी बाई आहे, चाचपडत येऊन मारतीलही. घालवून दिलं तर त्या अवघडल्या पोटानं मी कुठे जाईन ते मला माहीत नाही, आणि त्याची मला भयंकर भीती वाटते. पण ठेवायचं की घालवायचं, ते त्यांना ठरवू द्या. तुम्ही त्या दिवशी शेतावर जा, नाहीतर मागच्या पडवीत बसा. माई झोपलेल्या असल्या तर आम्ही बाहेर थांबू. त्या उठतील, भिंत धरत येतील, कितीही वेळ लागला तरी लागू द्या. दार त्यांनाच उघडू द्या.

निर्मला